डावा कोपरा

रोडपालीच्या कबड्डी संघात पनवेल शहरातला मी एकटाच, बाकी सगळे गावचे. डाव्या कोपऱ्यात माझ्याच वयाचा एक जण असायचा, त्याचा हात धरून मी शेजारी. त्याने चढाईवाल्याचा घोटा पकडायचा आणि त्याच क्षणी मी अंगावर जाऊन वाट अडवायची. सांगायला सोपं. पहिल्या मोसमात आम्ही एकमेकांच्याच पायांत अडकून पडायचो.

"नवरा-नवरीवानी लाजता काय रे? हात धरा नीट!" कप्तान ओरडायचा.

पुढच्या मोसमात बोलायची गरजच उरली नाही. त्याने हातातला माझा अंगठा दाबला की मी निघालेला असे. आम्ही जिंकू लागलो. टाळ्या मात्र त्याला. पकडलेला घोटा लोकांना दिसतो, शेजारचा दिसत नाही. हे मला डाचायचं. कधी कुणाजवळ बोललो नाही.

मग एका कारखान्याचे साहेब सामना बघायला येणार असं कळलं. त्यांच्या संघात कोपऱ्याचा खेळाडू हवा होता. म्हणजे कायमची नोकरी. त्याच्या घरची भातशेती सरकारने नव्या शहरासाठी घेतलेली, मागे धाकट्या बहिणी. माझे वडील शिक्षक. माझं त्या नोकरीवाचून काही अडणार नव्हतं.

सामन्यात त्याने अंगठा दाबला. मी गेलो नाही. घसरलो नाही, गोंधळलो नाही. नुसता उभा राहिलो. चढाईवाला त्याला फरपटत मधल्या रेषेपर्यंत घेऊन गेला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. साहेब शेजारच्याशी गप्पा मारू लागले.

कप्तानाने झापलं तेव्हा तो म्हणाला, "मीच घाई केली, दादा."

दुसऱ्या दिवशी सरावाला मात्र म्हणाला, "मला उजव्या कोपऱ्यात घाल."

"जमलेली जोडी हाय, कशाला मोडतोस?"

"नाय जमत आता." माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

कप्तान माझ्याकडे वळला. "काय झालं रे तुमच्यात?"

"घाबरला तो काल," मी म्हणालो. त्याला ऐकू जाईल असं.

साहेबांनी आमच्यातल्या कुणालाच घेतलं नाही. पावसाळ्याआधी त्याने खेळ सोडला आणि तो कळंबोलीला ट्रकमधून लोखंड उतरवायला जाऊ लागला. त्याच्या जागी आलेल्या पोरांचा आणि माझा मेळ कधी बसला नाही. आम्ही हरत गेलो, आणि मी सगळ्यांना सांगत राहिलो की त्याचं मनच खेळात नव्हतं.