आईच्या कड्यांचा बैल

आईच्या दोन्ही हातांत चांदीची जाड कडी होती. धानोऱ्याकडच्या तिच्या माहेरची. भाकरी थापताना ती परातीवर वाजायची, आणि ओसरीत बसून मला कळायचं की जेवायला आता फार वेळ नाही. बाबा खांडबाऱ्याजवळच्या आमच्या गावात शेती करायचे आणि पाळकसाहेब आले नाहीत त्या रविवारी उपासनाही चालवायचे. धन देवानं वापरायला दिलंय, मिरवायला नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते आलं की आई हळूच हात पदराखाली घ्यायची आणि आम्ही पोरं खुदखुदायचो.

एका उन्हाळ्यात मामांच्या जोडीतला एक बैल मेला. त्याच उन्हाळ्यात आई तापानं अंथरुणाला खिळली. एका दुपारी तिनं बाबांना जवळ बसवून घेतलं.

"मन्हा मांगे ह्या कडा मोडा. भाऊले बैल ली द्या. पन आधी सांगू नका. बहीणनं तो लेत नही."

बहिणीचं भाऊ घेत नाही, हे बाबांनाही ठाऊक होतं; त्यांनी मान डोलावली. मला तेव्हा आईचा रागच आला. मरायची एवढी घाई कशाला, असं वाटलं.

ती गेली, तेव्हा अंघोळ घालण्याआधी बायकांनी कडी उतरवून बाबांच्या हाती दिली. मामा पोहोचले ते थेट दफनाला. ख्रिस्ती झालो होतो ते आम्ही. मामांचे देव जुनेच होते. त्यांच्यात माहेरचं लेणं मेलेल्या बाईबरोबर मातीत जायचं आणि ते भावानं आपल्या हातानं तिच्या अंगावर नीट करून द्यायचं. त्यांनी आईचे हात पाहिले.

"कडा कोठे शेतस? तुमना देवले चांदी बी लागस का?"

पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली, 'आमच्या ह्या बहिणीला', असं म्हणाले. आमच्यात तसंच म्हणतात. मामा ओरडले, "तुमनी कसानी बहीण? मन्ही शे ती!" आणि माती न लोटताच निघून गेले. सगळा गाव बाबांकडे लोभी माणसाकडे पाहावं तसा पाहत होता. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण आईचं 'आधी सांगू नका' त्यांनी अक्षरशः पाळलं. त्यांच्या जागी मी असते तर तिथंच सगळ्यांना ऐकवलं असतं.

पेरणीच्या तोंडावर बाबांनी कडी मोडून पांढरा, उभार शिंगांचा बैल घेतला आणि चालवत मामांच्या दारी नेला. मी सोबत होते. पैसा कुणाचा, मामांनी विचारलं. आता मात्र बाबांनी खरं ते सांगितलं.

मामा खाली बसले. मग उठून त्यांनी बैलाच्या पुढच्या पायांवर पाणी घातलं आणि त्याला गोठ्यात बांधलं. बाबांचा चेहरा मोकळा झाला. आईचं धन कारणी लागलं, असं ते वाटेत दोनदा म्हणाले.

पण मामांनी त्या बैलाला कधी औताला जुंपलंच नाही. शेजाऱ्याचा बैल मागून आणायचे, कुणाचा मिळाला नाही की पेरणी मागे पडायची, आणि हा गोठ्यात उभा राहून हिरवा चारा खायचा. बाबांनी एकदा समजावून पाहिलं.

"बहीणले औतले जुपू का?" मामा एवढंच म्हणाले.

मला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. आईनं हात उघडे केले ते काय बैल पोसायला? बाबा मात्र दर पोळ्याला धानोऱ्याला जाऊन त्याच्या शिंगांना रंग लावून यायचे. धन वापरण्यावरचं ते वाक्य उपासनेत पुन्हा ऐकलं नाही.

मी मोठी झाले, लग्न ठरलं, त्या वर्षी बैल म्हातारपणानं गेला. मामा आमच्या घरी आले, आईच्या दफनानंतर पहिल्यांदाच.

"पाव्हना, तुमनी प्रार्थना म्हना. ती तुमना धरमनी व्हती."

जनावरावर प्रार्थना म्हटल्याचं पाळकसाहेबांना कळलं असतं तर बाबांची धडगत नव्हती. तरी ते गेले. बांधाजवळ खड्डा खणलेला होता. मामा पागोटं काढून उभे राहिले. बाबांनी सवयीनं सुरुवात केली, "आमच्या ह्या," आणि मामांकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "ह्यांच्या ह्या बहिणीला."

आईच्या वेळी न रडलेले माझे बाबा तिथं लहान पोरासारखे रडले. आमेन कुठं म्हणायचं ते मामांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ओंजळभर माती आत लोटली.

"तिले सांगा," ते म्हणाले, "मी तिले कधी जुपं नही."