आत होतास का?

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्तीनंतर मोठमोठ्या केसेस पुसट झाल्या, पण पितळी व्हॉल्व्हच्या चोरीची ही किरकोळ केस डोक्यातून जात नाही. आपल्या मराठी मंडळींत तिची एक चुकीची गोष्ट अजून सांगितली जाते. ती माझ्यामुळे पसरली, तेव्हा खोडायचीही मीच.

मी तेव्हा सिंगापूरच्या उत्तर भागातल्या एका ठाण्यात तपास अधिकारी होतो. जहाजांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामातून माल गायब होत होता. कुलूप शाबूत, कॅमेऱ्यात बाहेरचं कोणी नाही. म्हणजे चोर घरचाच. तक्रार नोंदवली त्याच दिवशी कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला.

“सर, आमच्या स्टोअरकीपरला बघा. तुरुंगात जाऊन आलाय असं कानावर आलंय. मुलाखतीत मी विचारलं होतं, क्रिमिनल रेकॉर्ड आहे का? नाही म्हणाला. लायर, लाह!” इथल्या इंग्रजीत बोलण्याला जोर द्यायला असा ‘लाह’ लावतात.

मी नोंद काढून पाहिली. तरुणपणीचा एक गुन्हा, थोडी शिक्षा, त्यानंतर काही नाही. इथल्या कायद्यानुसार अशा माणसाने ठरावीक वर्षं स्वच्छ काढली की ती नोंद ‘स्पेंट’ होते, म्हणजे संपते. मग नोकरी देणाऱ्याने विचारलं तर ‘रेकॉर्ड नाही’ असं सांगायचा त्याला हक्क असतो. तो खोटं बोललेला नव्हता. हे मला माहीत होतं, आणि तरी मी मॅनेजरला गप्प केलं नाही. मला संशयित हवा होता, तो आयता मिळाला होता.

त्याला ठाण्यावर बोलावलं. चाळिशीचा, इथल्याच क्वीन्सटाउन वस्तीत राहणारा, माझ्यासारखाच इथे जन्मलेला मराठी माणूस. जबाब इंग्रजीत सुरू झाला. चोरीबद्दल त्याने सरळ उत्तरं दिली. रेकॉर्डबद्दल विचारलं तर म्हणाला, “नो, सर.” उत्तर कायद्याला धरून होतं, आणि तेच मला झोंबलं. मी जबाब थांबवला, दोघांसाठी कॉफी मागवली आणि मराठीवर आलो.

“आडनावावरून कोकणातले दिसता.”

“हो. आजोबा बोटीवर होते.”

“मग आपलंच घर की रे! मी तुझ्याहून बराच मोठा, काका समज. आता खरं सांग. कधी आत होतास का?”

त्याने कॉफीचा कप बाजूला सरकवला. “होतो, काका. बायकोला माहीत आहे. मुलीला नाही. तेवढं सांभाळा.”

“वेडा आहेस का? हे या खोलीबाहेर जाणार नाही.”

कायद्याने ‘रेकॉर्ड’ या शब्दापुढे भिंत उभी केली होती. ‘आत’ या शब्दापुढे काहीच नव्हतं. काका म्हणवून घेणाऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायला आपल्याकडे शिकवत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी त्याचाच फायदा घेतला. जबाबात लिहिलं: आधी नाकारलं, नंतर कबूल केलं. संध्याकाळी मॅनेजरला फोनवर सांगून मोकळा झालो, “ही वॉज इन्साइड.”

त्याला लगेच कामावरून काढलं. त्या ऑफिसात हिशेब बघणाऱ्या एका मराठी गृहस्थाने बातमी आपल्या मंडळींत पोचवली. ‘तुरुंगातून आलेला, लपवून नोकरीला लागला, मालावर हात मारला.’ गणपतीच्या कार्यक्रमात कोणाच्या तरी पोराने त्याच्या मुलीला ते तोंडावर ऐकवलं.

आणि गोदामातला माल पुन्हा कमी भरला!

मग मी आधी करायचं काम केलं. भंगारवाल्यांकडे फिरलो. एकाने विचारताक्षणी सांगितलं, “कंपनीची लॉरी येते, बॉस. मला वाटलं कंपनीच विकते.” लॉरी आणणारा होता डिलिव्हरी सुपरवायझर, मॅनेजरचा उजवा हात. त्याला समोर बसवलं तेव्हा तो चक्क हसला. “मला कोणी विचारलंच नाही, सर.”

मी मॅनेजरला फोन करून म्हटलं, स्टोअरकीपरला परत घ्या.

“चोर तो नाही, ओके. पण आता सगळ्यांना माहीत झालंय, सर. हाउ कॅन? कसं जमणार?”

मी त्याला वाटेल ते बोललो. पण सगळ्यांना माहीत करून दिलं होतं कोणी?

आज काही कंपन्या नोकरीच्या फॉर्मवरचा रेकॉर्डचा प्रश्न काढल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतात आणि मुलाखतीत गोड आवाजात विचारतात, “मधली वर्षं कुठे होतात?” संताप येतो. तोच प्रश्न, फक्त मागच्या दाराने. माझ्याइतकं हे कोणाला कळणार? त्या दारातून मी स्वतः गेलोय. कायदा एखाद्याचं जुनं पान मिटतो, आणि आपण ते नखाने उचकटून बघतो. वर त्याला सावधगिरी म्हणतो.

मागच्या महिन्यात त्या स्टोअरकीपरला शोधत पुलाउ उबीन बेटावर गेलो. तिथे तो भाड्याच्या सायकली दुरुस्त करतो. माफी मागितली. हे सगळं लिहू का, असंही विचारलं.

“लिहा. पण गुन्हा कोणता होता ते लिहू नका.”

“अरे, लिहिलं तर लोकांना कळेल तरी, किती क्षुल्लक होता.”

त्याने पान्हा खाली ठेवला. “आणि क्षुल्लक नसता, तर तुम्ही माफी मागायला आला नसता?”

त्याचा गुन्हा मी लिहिलेला नाही. वाचताना ‘काय केलं होतं त्याने?’ हा प्रश्न तुमच्या मनात येऊन गेला असेल. तो विचारायचा हक्क त्या मॅनेजरला नव्हता, मला नव्हता, आणि तुम्हालाही नाही.