सागाचे रेषे

आजोबा संस्थानच्या कचेरीत होते, पण बाबांनी रंगकाम धरलं. साध्या देवदारी दारावर रंगाने हुबेहूब सागाचे रेषे उमटवण्यात त्यांचा हात धरणारा बडोद्यात कोणी नव्हता. मी बी.ए. झाले त्या वर्षी त्यांचे हात कापायला लागले. मग पिवळं अस्तर बाबा लावत आणि त्यावर तपकिरी रंग देऊन, तो ओला असतानाच कंगव्याने, चिंधीने रेषे मी काढत असे. गाठी बोटाने उठवायच्या. घराबाहेर हे कुणाला माहीत नव्हतं.

फतेगंजच्या एका बंगल्यात पाच दारं झाली होती, सहावं नुकतंच संपवलं होतं. मालक आले. दार न्याहाळत बाबांना म्हणाले, "वाह काका, शुं हाथ छे तमारो!" मग माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, ही डबे उचलायला येते का?

बाबा खाली बघत म्हणाले, "हो शेठ. मदतीला."

माझं डोकं फिरलं. "बाबा, खरं काय ते सांगा त्यांना."

"गप्प बस. काम जाईल."

मालक हसले. मी टर्पेंटाइनची चिंधी उचलली आणि ते ओलं दार वरपासून खालपर्यंत पुसून काढलं. "आता तुम्ही काढा," बाबांना म्हटलं आणि तडक घरी आले.

चार दिवसांनी माझे ब्रश आणायला गेले. बाबांनी ते दार पुन्हा केलं होतं. रेषे वाकडेतिकडे, थरथरलेले. असला साग कुठल्या जंगलात उगवत नाही. मालकांनी मला मुद्दाम तेच दार दाखवलं. म्हणे, सगळ्यांत हे सरस! ज्याला दोन हातांतला फरक कळत नाही, त्याच्या कौतुकासाठी बाबांनी मला डबे उचलणारी ठरवलं होतं. आणि बाबाही तिथेच उभे राहून हसत होते.

परतताना रस्त्यात ते म्हणाले, "तुझे रेषे माझ्याहून सरळ येतात. मला ठाऊक आहे."

"मग तिथे का बोलला नाहीत?"

त्यांनी पावलं भराभर उचलली.

पुढचं काम, लहरीपुऱ्यातल्या एका दुकानाचं, मी एकटीने घेतलं. पहिल्या दिवशी मी घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "कसं झालं?" मी उत्तर दिलं नाही. द्यायला हवं होतं, असं माझी बहीण अजून म्हणते. मला तसं वाटत नाही.