विलासदादाची गिटार का उतरायची

विलासदादा आज सकाळी डायलिसिसच्या खुर्चीवरच गेला.

वेल्ह्याच्या बाजूला जत्रेत ऑर्केस्ट्रा ऐकला असेल, तर तुम्ही त्याला पाहिलंय. ड्रमच्या शेजारी, लाल इलेक्ट्रिक गिटार, मान खाली. गाणं संपताना गिटारीला तारांच्या खालच्या टोकाशी बसवलेला लोखंडी दांडा दाबून सूर असा थरथरवायचा की पुढं बसलेल्या बाया पदर डोळ्याला लावायच्या.

किडनीचं दुखणं लागलं आणि त्याच सुमाराला गिटारही बिघडली.
दांडा दाबून सोडला की तारा परत सुरावर यायच्याच नाहीत. गाणारी एका पट्टीत, दादा भलत्याच.

काही जण म्हणायचे, "इलास पिऊन चढतो स्टेजवर."
मुख्यतः त्यांच्यासाठी हे लिहितोय. तो प्यायचा नाही.

ऑर्केस्ट्राचे मालक अण्णा त्याच्या तोंडावर म्हणाले, "कीबोर्डमधी गिटारीचा आवाज येतो आता. बटन दाबलं की झालं. अन् कीबोर्डला डायलिसिस लागत न्हाई."
सगळे हसले. दादाही हसला.
या जत्रेला गिटार सुरातून उतरली तर दुसरा माणूस घेणार, असं ठरलं.

नसरापूरला मी अँप्लिफायर दुरुस्त करतो, त्या दुकानात तो गिटार घेऊन आला.
"कर बाबा कायतरी. ही गेली तर माझ्याकडं नुसती सुईच ऱ्हाती."

अशा गिटारीचा ब्रिज, म्हणजे तारा खाली जिथं अडकवतात ती दांडा जोडलेली पट्टी, पक्का बसवलेला नसतो. पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात, आणि तो मध्ये तरंगतो. तार कुठं जराशी जरी अडकली तरी सगळं बिनसतं.

मी नव्या तारा चढवल्या, हातानं ताणून घेतल्या. खुंट्यांवरचे वेढे कमी केले. स्प्रिंगांचे स्क्रू पिळले.
पुन्हा उतरली.
जमत नाही हे त्याला कसं सांगायचं, त्याची वाक्यं मी मनात जुळवायला लागलो होतो.

शेवटी भिंग लावून पाहिलं.
गिटारीच्या मानेच्या टोकाला तारा ज्या बारीक खाचांतून जातात, त्या खाचांत लाल चिकट मळ. ब्रिज ज्या स्क्रूंवर डुलतो, त्यांच्या कडेलाही तोच.

"दादा, हे काय?"
त्यानं बोट लावून वास घेतला.
"कुंकू. आईचं."

दसऱ्याला आपण सगळेच हत्यारांची, वाद्यांची पूजा करतो. पण दादा आजारी पडल्यापासून त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, रोज करत होत्या. गळून पडू नये म्हणून कुंकू खोबरेल तेलात कालवून. देवाला लावतात तसं, कपाळाला आणि पायाला. गिटारीचं वरचं टोक म्हणजे कपाळ, ब्रिज म्हणजे पाय.
तारा अडकायच्या नेमक्या त्याच दोन जागा.

"काकूंना सांगू का? नुसतं लाकडाला लावा म्हणून?"

दादानं नाही म्हणून मान हलवली.
"तू आपलं गपचीप पूस. दवाखान्यात तिला आत सोडत न्हाईत. भाईर बाकड्यावर बसून असती. तिच्या हातात येवढंच हाय. त्यानंच माझं काम हातातनं चाललंय, असं सांगू व्हय तिला?"

मी खाचा साफ केल्या, तारा सहज सरकाव्यात म्हणून त्यांत पेन्सिलीचं शिसं घासलं.
तेव्हापासून घरी काकू लावायच्या आणि दुकानात मी पुसायचो.

जत्रेला मी स्टेजच्या कडेला उभा होतो. त्याचा हात दांड्याकडे गेला की मी डोळे मिटून घ्यायचो.
गिटार शेवटपर्यंत उतरली नाही.
अण्णा खाली येऊन म्हणाले, "इलास, फुडच्या हंगामालाबी तूच."
"बघू की," दादा म्हणाला. त्याच्या पायांना सूज होती. चप्पल हातात घेऊन तो टेम्पोपर्यंत गेला.

तो हंगाम अजून सुरूही झालेला नाही.

आज दुपारी सगळं आटोपल्यावर काकूंनी गिटार माझ्या हातात दिली.
"जत्रंला कशी वाजली, बघितलंस न्हवं? म्या एक दिस कुंकू चुकवलं न्हाई."

मी म्हणालो, "व्हय काकू."

त्यांना वाचता येत नाही. गावातल्या मित्रांना हात जोडून विनंती आहे, ही पोस्ट त्यांना कोणी वाचून दाखवू नका.

दादा, जा निवांत. तुला अखेरचा नमस्कार.