इस्त्रीने गेलेलं पाणी

आमच्या कार्यालयात त्यांना सगळे ‘इस्त्रीवाले’ म्हणत, अगदी साहेबसुद्धा. उपग्रह वरून समुद्राची उंची मोजतो, पण तो स्वतः नेमका किती उंचीवर आहे हे पुरतं कळत नाही. ती चूक त्याच्या वाटेवरच्या आकड्यांत लांबलचक उतार होऊन बसते. इस्त्रीवाले तो उतार काढून टाकत आणि नकाशा सपाट करत. या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि ते त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं.

त्यांची धाकटी बहीण समुद्राकाठी राहायची. हल्ली पाणी अंगणात येतंय, घर सोडून वर टेकडीकडे जाऊ का, असं तिने फोनवर विचारलं. त्यांनी तिच्या किनाऱ्यासमोरचे उपग्रहाच्या वाटांचे छोटे तुकडे घेतले, नेहमीसारखी इस्त्री फिरवली आणि आमच्यासमोरच सांगितलं, “अगं, समुद्र होता तिथेच आहे. खुशाल राहा.”

ती राहिली. पुढच्या वादळात पाणी घरात शिरलं आणि त्यात ती गेली.

कामावर परतल्यावर त्यांनी तीच मोजणी पुन्हा मांडली. या खेपेला दोन वाटा एकमेकींना छेदतात तिथपर्यंत, पार खोल समुद्रापर्यंत ते गेले. थोड्या दिवसांच्या अंतराने त्याच जागी समुद्र जवळपास तोच असतो, म्हणून तिथला फरक तेवढा उपग्रहाचा. तेवढाच त्यांनी वजा केला. उरलं ते पाणी, वर्षानुवर्षं किनाऱ्याकडे चढत आलेलं. छोट्या तुकड्यांत तो चढही उतारासारखाच दिसला होता, आणि चुकीबरोबर त्यांनी तोही पुसला होता.

साहेबांनी समजूत घातली, की सगळे असंच करतात. खरंच होतं ते. तरी मला इस्त्रीवाल्यांचा राग यायचा. पाय भिजलेल्या बाईचं ऐकायला काय झालं होतं? आणि त्यांचा चेहरा बघितला की मीच त्यांच्यासाठी चहा मागवत असे.

एकदा भाची भेटायला आली. त्यांनी तिला दोन्ही नकाशे दाखवले, काही लपवलं नाही. ती चार शब्द सुनावेल असं त्यांना वाटत असावं.

“मामा, शेजारी निघाले तेव्हा आईला खूप विनवत होते,” ती म्हणाली. “आई म्हणाली, तुम्ही व्हा पुढे. माझा दादा वरून बघतोय, तो सांगेल मला.”

इस्त्रीवाले आमच्यादेखत ढसाढसा रडले. भाची त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.