पीळ ओळखणारा हात

सकाळी फोन आला, तेव्हा मी कॅम्प-१ वस्तीतल्या माझ्या घरी पेटी उघडून आईच्या बुद्धवंदनेच्या पांढऱ्या लुगड्याचा उरलेला तुकडा शोधत होते. मनोहरनंच मागितला होता. "ताई, ते गेले," भावजय एवढंच बोलली... तुकडा तेवढ्यातच हाताला लागला.

मनोहर माझा धाकटा भाऊ. प्लांटातून रिटायर झाल्यावर नेमबाजीच्या क्लबातल्या रायफली तो सांभाळायचा. रायफलीच्या नळीला आतून पीळ असतो बघा, गोल जिन्यासारखा; त्यामुळेच गोळी फिरत फिरत सरळ जाते. तो पीळ किती लांबीत एक फेरा घेतो, हे तो सळईनं मोजायचा. सळईच्या टोकाला घट्ट चिंधी, मागे सैल फिरणारी मूठ, वरच्या अंगाला चिकटपट्टीचं निशाण. सळई आत ढकलली की पिळाबरोबर वळते. निशाण फिरून परत वर आलं, की सळई जेवढी आत गेली ते अंतर मोजायचं. पण चिंधी सरकली तर माप खोटं, म्हणून त्याला आईचं जुनं सुती लुगडंच लागे. मी चिडवायची, "बुढीनं जन्मभर तुहा कान पिळला, आता तिच्याच लुगड्यानं पीळ मोजून राहिला का?" तो म्हणे, "म्हणून तं चुकत नाही!"

मग त्याला लकवा मारला. जेवण डाव्या हातानं जमलं, पण उजव्या हाताकडे बघून घोकत राही, "याले आता काही समजत नाही, ताई." ते ऐकवेना. शेवटी मीच क्लबातून एक जुनी, काढून ठेवलेली नळी मागवली, टेबलाला बांधली. त्याच्या उजव्या हाताची बोटं सळईवर टेकवली आणि हळूहळू ढकलू लागले.

"थांब... सरकली."

"काय सरकली? मले तं काही नाही दिसत."

"तुले कावून दिसन? मले समजलं न!"

चिंधी काढून पाहिली, तर खरंच ढिली. बनियानाचा तुकडा होता तो. मनोहर हसला, हसता हसता रडला. "उद्या बुढीचं लुगडं आण. मंग पुरा फेरा मोजू."

तो उद्या आलाच नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्याच्या नावानं वंदना झाल्यावर, तो तुकडा त्याच्या फोटोपाशी ठेवला. नळी क्लबात परत गेली, सळई भावजयीनं मला दिली. तुकडा तिच्या टोकाला गुंडाळून मी ती दाराआड उभी केली आहे. झाडताना धक्का लागला की मूठ आपसूक फिरते... ती थांबेपर्यंत माझा झाडू चालत नाही.