विहिरीच्या काठावरचं इंग्रजी

भोकरदनच्या स्टँडवर जालन्याच्या गाडीची वाट पाहत होतो, तेव्हा पेपरवाल्यानं सांगितलं, "गुरुजी, झुंबरसर गेले. सकाळीच फोन आल्ता." मी त्यांनाच भेटायला निघालो होतो... एक गोष्ट कबूल करायची होती. तीन वर्षं टाळली आणि निघालो तो नेमका त्या दिवशी.

राजूरच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे, मी गणित. घरचं कापडाचं दुकान सोडून मास्तरकी धरली म्हणून भावांनी नावं ठेवलेला माणूस. त्यांचं एकच दुखणं होतं. आमची पोरं इंग्रजी वाचायची, लिहायची; पण कुणी बोललं की भिंतीकडं बघत बसायची. मग सरांनी स्वतःच उतारे लिहिले : आटलेल्या विहिरीचा, रस्त्यासाठी तोडलेल्या लिंबाचा, शेतातून वाहून गेलेल्या मातीचा. टेपरेकॉर्डर घेऊन ते थेट विहिरीवर जायचे आणि काठावर बसून वाचायचे. मागं पारवे घुमत राहायचे. वर्गात पुस्तकं मिटून, डोळे मिटून पोरं ती कॅसेट ऐकायची. मग प्रश्न, आणि उत्तर लिहायला थोडा वेळ. मी थट्टा करायचो, "सर, पारव्यांनाबी इंग्रजी येऊन राह्यलं!" ते हसायचे. "येऊ द्या की. पोरांना विहीर तर बराबर माहीत हाय. माहितीतलं ऐकलं की भीती जाते, भाऊ." आणि खरंच, वर्षभरात पोरं मोडक्यातोडक्या इंग्रजीत भांडायला लागली, की विहीर कुणाच्या मोटारीनं आटली.

बाकीच्या कॅसेटी वाजून वाजून झिजल्या, विहिरीची तेवढी उरली. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी मला कोरी कॅसेट मिळेना. सरांच्या कपाटातली तीच उचलली आणि वरून गाणी भरली. सर काय, पुन्हा वाचून देतील! त्याच सुट्टीत त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. पुढं ते जालन्याला भावाकडं राहायला गेले. भेटलो की पाटीवर लिहायचे : विहिरीची कॅसेट? मी म्हणायचो, "सापडंल, सर." धडधडीत खोटं. आजही स्वतःची लाज वाटते.

महिन्याभरानं जालन्याला सरांच्या बायकोकडं, विमलवहिनींकडं गेलो. गाण्यांच्या पुढं शेवटी सरांचं थोडं वाचन पुसायचं राहिलं होतं; कॅसेट घरूनच तिथवर सरकवून आणली होती. "सरांचा आवाज आहे थोडा," एवढंच म्हणालो. पारवे घुमले. सरांनी इंग्रजीत एक प्रश्न विचारला आणि थांबले.

"काय इचारून राह्यले?"

"पाणी कुठं गेलं, म्हणून राह्यले."

मग उत्तरासाठी सोडलेला वेळ... त्यात सरांचा श्वास ऐकू येत होता. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. कॅसेट संपली तशी त्यांनी ती काढून हातात घेतली. कुणी वरून भरू नये म्हणून सरांनी तिच्या कडेची खिट्टी मोडून ठेवली होती, आणि ते भोक बुजवून पुन्हा भरता यावं अशी वर चिकटपट्टी होती.

"ही कुणी लावली, भाऊ?"

"मी," म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

वहिनींनी नखानं हळूहळू ती पट्टी सोलून काढली, माझ्या हातावर ठेवली, आणि कॅसेट घेऊन आत गेल्या.